नांगर ट्रॅक्टरला ‘लटकवायची’ आयडिया या गड्याची, पण त्याच आयडियासाठी त्याला थेट फोर्डला कोर्टात खेचावं लागलं

नांगरणीच्या सीझनला गावाकडं एक सीन सगळ्यांनीच बघितलेला असतो. ट्रॅक्टर बांधापर्यंत येतो, ड्रायव्हर सीटजवळचा एक छोटा लिव्हर ओढतो आणि मागचा दोन-तीन क्विंटलचा लोखंडी नांगर अलगद वर उचलला जातो. ट्रॅक्टर वळतो, लिव्हर खाली जातो, नांगर परत जमिनीत. ड्रायव्हरच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही.

आपल्याकडं याला साधं ‘लिफ्ट’ म्हणतात. कुणी ‘हायड्रोलिक’ म्हणतं. मागं दोन खालचे दांडे आणि मधोमध एक टॉप लिंक, अशा तीन ठिकाणी अवजार अडकवलेलं असतं. नांगर असो, रोटाव्हेटर असो, फवारणीचा ब्लोअर असो की पेरणी यंत्र, सगळं याच तीन टोकांवर बसतं. कंपनी कुठलीही असो, लाल, निळा, हिरवा ट्रॅक्टर कुठलाही असो, मागची रचना तीच.

ही रचना आज इतकी कॉमन झालीये की तिच्यामागं कुणाचं तरी डोकं असेल, असं वाटतच नाही. पण ते डोकं होतं. आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याच्या पोराचं. ज्याला स्वतःला शेतात राबायचा भयंकर कंटाळा होता.

नाव, हॅरी फर्ग्युसन.

हो, मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन तो हाच.

शेती नको म्हणून घर सोडलं, आणि गडी विमान उडवून बसला

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. आजच्या उत्तर आयर्लंडमधल्या काउंटी डाउन भागात, ग्रोवेल नावाच्या छोट्या गावात. घरात ११ भावंडं, त्यात याचा नंबर चौथा. वडील शेतकरी आणि धर्माच्या बाबतीत एकदम कडक. घरात शिस्त, प्रार्थना आणि काम, एवढंच.

१४ व्या वर्षी हॅरीची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या शेतावर कामाला लागला. अंगानं किरकोळ, डोक्यानं तल्लख. औतामागं दिवसभर चालायचं, घोड्यांची देखभाल करायची, हे त्याला काही झेपेना. वडिलांच्या कडक धार्मिकपणाशीही त्याचं पटलं नाही. घर सोडून कॅनडाला जायचा विचारही त्याच्या डोक्यात घोळत होता.

पण तेवढ्यात मोठा भाऊ ज्यो यानं बेलफास्टमध्ये सायकली आणि मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज टाकलं. १९०२ साली हॅरी तिथं शिकाऊ म्हणून लागला. इथं मात्र त्याला सूर सापडला. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा मेकॅनिक म्हणून त्याचं नाव झालं. गॅरेजची जाहिरात व्हावी म्हणून तो मोटारसायकलच्या रेसमध्येही उतरायला लागला.

मग आलं विमानाचं वेड. राईट बंधूंनी १९०३ ला विमान उडवलं होतं आणि युरोपात त्याची जबरदस्त हवा होती. १९०९ ला हॅरी विमानांची प्रदर्शनं बघायला गेला, तिथल्या विमानांची मापं डोक्यात साठवून आला आणि बेलफास्टच्या गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बनवायला घेतलं.

३१ डिसेंबर १९०९. वर्षाचा शेवटचा दिवस. हिल्सबरोच्या मैदानावर वारा सुटलेला, तरी हॅरीनं विमान उडवलं. साधारण १२० मीटर ते हवेत राहिलं. अंतर फार नव्हतं, पण आयर्लंडच्या भूमीवर इंजिनाचं विमान उडवणारा तो पहिला माणूस ठरला. पुढच्या वर्षी न्यूकॅसल नावाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावात त्यानं जवळपास तीन मैल विमान नेलं आणि १०० पौंडांचं बक्षीस खिशात घातलं.

पण विमानाचे अपघातही होत होते, खर्चही वाढत होता आणि भावासोबत खटकेही उडत होते. १९११ ला हॅरीनं भावाचं गॅरेज सोडलं आणि बेलफास्टमध्ये स्वतःचा मोटारींचा धंदा सुरू केला. १९१३ ला मॉरीन वॉटसनशी लग्न झालं.

आता इथपर्यंतच्या गोष्टीत ट्रॅक्टर कुठंच नाही. तो आला पहिल्या महायुद्धामुळं.

ट्रॅक्टर मागं उलटायचा आणि ड्रायव्हर जागेवर जायचा

युद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडं धान्य घेऊन येणारी जहाजं बुडवत होत्या. खायचे वांधे व्हायची वेळ आली. माणसं आणि घोडे, दोन्ही युद्धावर. म्हणून सरकारनं ठरवलं की पडीक जमीन ट्रॅक्टरनं नांगरून काढायची. हॅरी तेव्हा ‘ओव्हरटाइम’ नावाचे अमेरिकन ट्रॅक्टर विकत होता. १९१७ ला आयर्लंडच्या कृषी खात्यानं त्याच्यावर जबाबदारी टाकली, की ट्रॅक्टर नीट चालतायत का ते बघ आणि त्यांचं काम सुधार.

हॅरी आणि त्याचा मेकॅनिक विली सँड्स गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांना जे दिसलं, त्यातून पुढचं सगळं घडलं.

त्या काळात ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी बैल, एवढीच कल्पना होती. आधी बैल किंवा घोडे नांगर ओढायचे, आता त्यांच्या जागी इंजिन. नांगर वेगळा, ट्रॅक्टर वेगळा, मध्ये साखळी किंवा दांडा. नांगराला स्वतःची चाकं आणि ते खाली-वर करायला वेगळा माणूस.

यात तीन लफडी होती.

पहिलं, चाक घसरायचं. चाकानं माती पकडावी म्हणून ट्रॅक्टर जड बनवायचे. जड ट्रॅक्टर म्हणजे महाग ट्रॅक्टर, आणि वर तो जमीन दाबून टाकायचा.

दुसरं, वळायला जागा लागायची. मागं ओढत आणलेला नांगर घेऊन छोट्या वावराच्या कोपऱ्यात ट्रॅक्टर वळवायचा म्हणजे डोक्याला ताप. कोपरे तसेच राहायचे.

आणि तिसरं, सगळ्यात डेंजर. नांगराचा फाळ दगडात किंवा झाडाच्या मुळात अडकला की नांगर थांबायचा, पण इंजिनाचा जोर थांबायचा नाही. मागची चाकं जमिनीत रुतून बसायची आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायचं. क्षणात ट्रॅक्टर मागं उलटा. ड्रायव्हर त्याच्याखाली. त्या काळच्या हलक्या ट्रॅक्टरवर अशा अपघातांत कित्येकांचे जीव गेले.

हॅरीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. ट्रॅक्टर आणि नांगर या दोन वेगळ्या वस्तू समजणं हीच मूळ चूक आहे. दोन्ही मिळून एक मशीन पाहिजे.

टॉप लिंकची जादू

सुरवातीला त्यानं मोटारीपासून बनवलेल्या ट्रॅक्टरला थेट जोडता येईल असा नांगर काढला. मग फोर्ड कंपनीचा स्वस्तातला फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आला, तर त्याच्यासाठी नांगर बनवला. १९२५ ला शेर्मन बंधूंसोबत अमेरिकेत इव्हान्सव्हिल इथं नांगरांचा धंदाही उभा केला. पण नांगर नुसता जोडून भागत नव्हतं. जमीन वर-खाली असली की ट्रॅक्टरसोबत नांगरही वर-खाली व्हायचा. एका तासात खोल, पुढच्या तासात वरवर. खोली एकसारखी ठेवायची कशी?

याचं उत्तर त्याला तेलात सापडलं. तेल दाबलं तरी आकसत नाही. बंद नळीत एका टोकाला दिलेला दाब जसाच्या तसा दुसऱ्या टोकाला पोहोचतो. याच तत्त्वावर त्यानं जी सिस्टीम बनवली, तिचं पेटंट त्याला १९२६ ला मिळालं. ती समजून घ्यायला सोपी आहे.

नांगर मातीत चालतो तेव्हा माती त्याला मागं धरून ठेवते. नांगराचा खालचा भाग अडतो, त्यामुळं वरचा भाग पुढं झुकायला बघतो. तिथं असते टॉप लिंक. म्हणजे खालचे दोन दांडे नांगर ओढतात आणि वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढं ढकलतो. माती जितकी कडक, तितका हा धक्का जास्त.

हॅरीनं काय केलं, तर या टॉप लिंकच्या टोकाला एक स्प्रिंग बसवली आणि ती स्प्रिंग हायड्रोलिकच्या व्हॉल्व्हला जोडली. माती कडक लागली की स्प्रिंग दबते, व्हॉल्व्ह उघडतो, तेल सिलेंडरमध्ये जातं आणि नांगर थोडासा वर उचलला जातो. ओढ कमी झाली की स्प्रिंग सैल पडते आणि नांगर परत खाली. ड्रायव्हरनं लिव्हर एकदा सेट करायचा, बाकी काम ट्रॅक्टर स्वतः करतो. आज ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात ‘ड्राफ्ट कंट्रोल’ लिहिलेलं असतं ना, ते हेच.

याचा दुसरा फायदा त्याहून मोठा होता. नांगराचं वजन आणि मातीचा खाली खेचणारा जोर, दोन्ही ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर यायला लागले. म्हणजे जितकं काम अवघड, तितकी चाकांची पकड घट्ट. ट्रॅक्टर जड करायची गरजच संपली. आणि टॉप लिंक पुढं ढकलत असल्यानं ट्रॅक्टरचं तोंडही खाली दाबून राहायचं.

आणि फाळ दगडात अडकला तर? टॉप लिंकवर एकदम जोराचा धक्का बसायचा, व्हॉल्व्ह तेलाचा दाब सोडून द्यायचा, मागच्या चाकांवरचं जादा वजन निघून जायचं आणि चाकं जागेवर फिरायला लागायची. ट्रॅक्टर उलटायच्या ऐवजी नुसता थांबायचा.

ज्या अपघातात ड्रायव्हर मरायचा, तिथं आता ड्रायव्हर क्लच दाबून खाली उतरून दगड बघायला लागला.

पहिला ट्रॅक्टर काळा, पहिला भागीदार वैतागलेला

१९२८ ला फोर्डनं अमेरिकेत फोर्डसनचं उत्पादन बंद केलं आणि हॅरीचा नांगर वाऱ्यावर आला. आता दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर अवलंबून राहण्यात अर्थ नव्हता. त्यानं स्वतःचाच ट्रॅक्टर बनवायला घेतला. १९३३ ला तयार झालेला हा नमुना काळ्या रंगात रंगवलेला होता, म्हणून त्याला नाव पडलं ब्लॅक ट्रॅक्टर. तो आता लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

गिअर बनवणाऱ्या डेव्हिड ब्राउन यांच्या कंपनीनं हा ट्रॅक्टर कारखान्यात घेतला आणि १९३६ ला फर्ग्युसन-ब्राउन बाजारात आला. ट्रॅक्टर भारी होता, पण किंमत २२४ पौंड आणि अवजारांचे पैसे वेगळे. फोर्डसन त्याहून बराच स्वस्त पडायचा. शिवाय जुनी अवजारं याला चालायची नाहीत, फर्ग्युसनचीच घ्यावी लागायची. विक्री १,३५० च्या आसपास जाऊन थांबली.

ब्राउनचं म्हणणं होतं की मोठा, जास्त ताकदीचा ट्रॅक्टर काढू. हॅरीचं म्हणणं होतं की ट्रॅक्टर छोटाच ठेवायचा आणि जास्त संख्येनं बनवून किंमत पाडायची. हॅरी एकदम हेकट. डिझाइनमध्ये कुणी बोट घातलेलं त्याला खपायचं नाही. शेवटी दोघांनी एकमेकांचा नाद सोडला.

हॅरीला छोट्या ट्रॅक्टरचं एवढं का पडलं होतं? त्याच्या डोक्यात एक मोठं गणित होतं. जगातले बहुतेक शेतकरी लहान आहेत. घोडा-बैलाला लागणारा चारा ज्या जमिनीत पिकतो, ती जमीन माणसाच्या धान्यासाठी मोकळी झाली, नांगरणीचा खर्च कमी झाला, तर अन्न स्वस्त होईल. अन्न स्वस्त झालं तर गरिबी कमी होईल आणि गरिबीतून पेटणारी भांडणंही. आयुष्यभर तो हेच गणित भेटेल त्याला समजावत फिरला.

आणि आता ते समजवायला त्याला असा माणूस पाहिजे होता, ज्याच्याकडं जगातला सगळ्यात मोठा कारखाना होता.

हेन्री फोर्ड, एक खेळण्यातला ट्रॅक्टर आणि नुसता हात मिळवून झालेली डील

ऑक्टोबर १९३८. हॅरी आपला ट्रॅक्टर जहाजात घालून अमेरिकेला पोहोचला. डिअरबॉर्नमध्ये हेन्री फोर्डच्या घराजवळच्या शेतात प्रात्यक्षिक ठरलं. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा पोरगा, त्यालाही शेतात राबायचा कंटाळा होता आणि तोही मशीनच्या नादानं घराबाहेर पडलेला. दोघांची गोष्ट एकसारखीच.

हॅरीच्या छोट्या ट्रॅक्टरनं दुसऱ्या ट्रॅक्टरांसमोर नांगरून दाखवलं. फोर्डनं टेबल-खुर्च्या शेतातच मागवल्या. हॅरीनं टेबलावर चावीवर चालणारा खेळण्यातला छोटा ट्रॅक्टर ठेवला आणि टॉप लिंक काय करते ते उलगडून दाखवलं.

फोर्डला पटलं. तिथंच डील झाली. डिझाइन आणि विक्री हॅरीची, उत्पादन फोर्डचं. दोघांपैकी कुणालाही, कधीही, कारण न देता यातून बाहेर पडता येईल. ना वकील, ना कागद, ना सही. दोघांनी उभं राहून हात मिळवला आणि विषय संपला.

जून १९३९ ला फोर्ड-फर्ग्युसन ९एन आला. किंमत ५८५ डॉलर. रबरी टायर, हायड्रोलिक लिफ्ट, बटण दाबून सुरू होणारं इंजिन, सगळं त्यात. शाळकरी पोरगंसुद्धा नांगरट करू शकेल, इतका तो चालवायला सोपा होता. युद्धाच्या काळात लोखंड-रबराची टंचाई असतानाही या ट्रॅक्टरचा आणि त्याच्या पुढच्या २एन मॉडेलचा आकडा मिळून तीन लाखांच्या वर गेला.

इकडं हॅरीला इंग्लंडमध्येही आपला ट्रॅक्टर पाहिजे होता. युद्ध संपल्यावर कोव्हेंट्री शहरातला बॅनर लेन कारखाना रिकामा झाला, जिथं युद्धात विमानांची इंजिनं बनायची. स्टँडर्ड मोटर कंपनीसोबत करार करून १९४६ ला तिथं टीई२० चं उत्पादन सुरू झालं. राखाडी रंगाचा, साधारण ११०० किलोचा, २५ एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर. लोकांनी लाडानं नाव ठेवलं लिटल ग्रे फर्गी. आज आपण ज्याला मिनी ट्रॅक्टर म्हणतो, त्याच्या जवळपासचीच ताकद.

बारीकसारीक गोष्टीत हॅरी किती डोकं लावायचा, हे या ट्रॅक्टरमध्ये दिसतं. सोबत मिळणाऱ्या एका पान्यानं बहुतेक सगळ्या ॲडजस्टमेंट व्हायच्या, आणि त्याच पान्यावर इंचाच्या खुणा, म्हणजे तीच मोजपट्टी. पिकाच्या ओळींप्रमाणं पुढच्या चाकांतलं अंतर कमी-जास्त करता यायचं आणि ते केलं तरी स्टिअरिंगची जुळणी बिघडायची नाही, कारण स्टिअरिंगचे दांडे इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी तशाच हिशेबानं दिलेले. मार्केटिंगमध्येही गडी मागं नव्हता. १९४८ ला लंडनच्या क्लॅरिजेस या आलिशान हॉटेलात त्यानं टीई२० पायऱ्यांवरून स्वतः चालवत खाली आणला. चकचकीत फरशीवर ट्रॅक्टर, आणि सुटाबुटातले पाहुणे बघतायत.

१९५६ पर्यंत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर बनले. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते याच ट्रॅक्टरांना पट्टे बसवून.

हात मिळवला होता, पण सही कुठं होती?

आता परत अमेरिकेत. ज्या हेन्री फोर्डशी हात मिळवला होता, तो म्हातारा झाला होता. १९४५ ला कंपनीची सूत्रं त्याच्या नातवाकडं, हेन्री फोर्ड दुसरा याच्याकडं आली. तरुण पोरगं, डबघाईला आलेली कंपनी आणि समोर हिशेबाच्या वह्या. त्याला दिसलं की ट्रॅक्टरच्या धंद्यात फोर्डला तोटा होतोय आणि विक्रीचा मलिदा फर्ग्युसनच्या कंपनीकडं जातोय.

त्यानं १९४६ ला सांगून टाकलं की भागीदारी संपली. १९४७ ला फोर्डनं स्वतःचं नवीन मॉडेल आणलं, ८एन. त्याच्या मागं तीच लिफ्ट, तीच टॉप लिंक, तेच हायड्रोलिक. विक्रीसाठी फोर्डनं वेगळी कंपनी काढली. हॅरीचे डीलर तिकडं गेले. हॅरीच्या हातात अमेरिकेत विकायला ट्रॅक्टरच उरला नाही.

डील मोडायचा अधिकार फोर्डला होता, ते तर शेतातल्या त्या टेबलावरच ठरलं होतं. पण डील मोडली म्हणून पेटंट फुकट वापरायचा अधिकार मिळतो का, हा खरा प्रश्न होता.

हॅरीनं इंग्लंडहून टीई२० मागवले, डेट्रॉइटमध्ये स्वतःचा कारखाना टाकला आणि जानेवारी १९४८ ला फोर्डवर केस ठोकली. मागणी किती, तर २५ कोटी १० लाख डॉलर. पुढं ती वाढवून ३४ कोटी केली. जगातल्या सगळ्यात बड्या कंपन्यांपैकी एक एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला काउंटी डाउनच्या शेतकऱ्याचं पोरगं.

केस चार वर्षं चालली. जबाबांचे ढीग लागले, वकिलांची घरं भरली. या काळात हॅरीची पेटंटं एकेक करत मुदतीबाहेर जात होती आणि त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर अमेरिकेत चांगला खपत असल्यानं मोठं नुकसान झालं हे सिद्ध करणंही अवघड होत चाललं होतं. एप्रिल १९५२ ला समझोता झाला. फोर्डनं पेटंटपोटी ९२ लाख ५० हजार डॉलर द्यायचे आणि हायड्रोलिकच्या रचनेत काही बदल करायचे.

मागितले ३४ कोटी, मिळाले एक कोटीच्याही आत. पण हॅरीनं हा आपला विजयच मानला. छोट्या माणसाची कल्पना मोठ्या कंपनीनं वापरली तर तिला पैसे मोजावे लागतात, हे कागदावर आलं होतं. यावेळी सहीसकट.

दहा लाख डॉलरचा टॉस

केसनं हॅरी थकला होता. १९५३ ला त्यानं आपला धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन करायचं ठरवलं. बोलणी झाली, पण शेवटी किमतीत दहा लाख डॉलरचा फरक उरला. १.६ कोटी की १.७ कोटी? मग काय, नाणं उडवलं. हॅरी टॉस हरला आणि दहा लाख डॉलर गेले. ज्या नाण्यानं हा निकाल दिला, ते पुढं एका चांदीच्या सिगारच्या डबीवर बसवून त्याला आठवण म्हणून देण्यात आलं.

फोर्डसोबत सही केली नाही म्हणून चार वर्षं कोर्टात घालवलेला माणूस परत दहा लाखांचा व्यवहार नाण्यावर सोडतो. हॅरी असाच होता.

नव्या कंपनीचा तो चेअरमन झाला, पण तिथंही त्याचं पटलं नाही आणि १९५४ ला तो बाहेर पडला. १९५८ ला कंपनीचं नाव झालं मॅसी फर्ग्युसन. हॅरी तोवर दुसऱ्याच नादाला लागला होता. साध्या रस्त्यावरच्या गाडीला चारही चाकांची ताकद द्यायची, म्हणजे पावसात गाडी घसरणार नाही. या कामात त्यानं स्वतःचा पैसा ओतला.

ते यश बघायला मात्र तो थांबला नाही. निद्रानाश आणि नैराश्य यांनी त्याला अनेक वर्षं छळलं होतं. २५ ऑक्टोबर १९६० ला इंग्लंडमधल्या राहत्या घरी औषधाच्या जादा डोसमुळं त्याचा मृत्यू झाला. तो अपघात होता की आणखी काही, याचा निकाल चौकशीतही लागला नाही. वय ७५.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६१ ला, त्याच्या टीमनं बनवलेली फर्ग्युसन पी९९ ही चारचाकी ड्राइव्हची रेसिंग कार घेऊन स्टर्लिंग मॉसनं ओल्या ट्रॅकवर ओल्टन पार्कची रेस जिंकली.

आपल्याकडं त्याचं काय उरलंय?

ज्या वर्षी हॅरी गेला, त्याच १९६० साली मद्रासमध्ये टॅफे कंपनी सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानं भारतात ट्रॅक्टर बनवायला लागली. पुढं एस्कॉर्ट्सनं फोर्डसोबत फरिदाबादला फोर्ड ट्रॅक्टर बनवले. म्हणजे ज्या दोन नावांनी अमेरिकेत एकमेकांना कोर्टात खेचलं, ती दोन्ही नावं आपल्याकडच्या शेतात नांगरत होती. आणि दोन्हींच्या मागं लिफ्ट एकच, हॅरीची.

आज द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून ब्लोअर घेऊन जाणारा मिनी ट्रॅक्टर बघा. मागच्या लिफ्टचं तत्त्व हॅरीचंच. पण तेलाच्या दाबाचा तो खेळ आता मागून पुढं, स्टिअरिंगपर्यंत आलाय. हॅरीच्या ट्रॅक्टरला साधं दांड्यांचं स्टिअरिंग होतं. हायड्रोस्टॅटिक पॉवर स्टिअरिंगमध्ये मात्र चालकाच्या हातातलं चाक आणि पुढची चाकं यांच्यामध्ये दांडाच नसतो, असतं फक्त तेल. तुम्ही स्टिअरिंग जेवढं फिरवाल, तेवढं मोजून तेल पुढच्या सिलेंडरला जातं आणि तो सिलेंडर चाकं वळवतो.

म्हणूनच हे स्टिअरिंग काही बाबतीत वेगळं वागतं आणि नवीन ट्रॅक्टर घेतलेल्यांना वाटतं की काहीतरी बिघडलंय.

इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग एकदम जड होतं, कारण पंप थांबलेला असतो आणि तेल तुमच्या मनगटाच्या जोरावर ढकललं जातं. वळतं, पण घाम काढतं. सरळ जाताना स्टिअरिंगचा दांडा कालच्या जागेवर नसतो, थोडा सरकलेला असतो. आत थोडंसं तेल झिरपत असतं, त्यामुळं असं होणं नॉर्मल आहे. पण स्टिअरिंग सोडल्यावरही ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल किंवा दांडा सारखाच फिरत राहत असेल, तर मेकॅनिकला दाखवलेलं बरं. चाकं पूर्ण वळवून स्टिअरिंग तसंच दाबून धरलं की कर्कश आवाज येतो. तेव्हा दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडलेला असतो आणि तेल तापत असतं, म्हणून टोकाला गेल्यावर हात थोडा सैल सोडायचा.

आणि एक गोष्ट, जी लिफ्ट आणि स्टिअरिंग दोन्हींना जोडते. नांगर मातीत असताना टॉप लिंक ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबते, पण नांगर वर उचलला की सगळं वजन मागं जातं आणि पुढची चाकं हलकी होतात. साध्या स्टिअरिंगमध्ये हे हाताला लगेच कळायचं. पॉवर स्टिअरिंग जड असो की हलकं, हाताला सारखंच लागतं. स्टिअरिंग फिरतं, चाकंही वळतात, पण ट्रॅक्टर वळत नाही. बांधावर, चढावर किंवा विहिरीच्या कडेला ही चूक महागात पडते. म्हणून जड अवजार लावलं की पुढं वजनं लावायची आणि अवजार उचलून जाताना वेग कमी ठेवायचा.

ट्रॅक्टर आणि अवजार हे एकच मशीन आहे, मागं काय जोडलंय यावर पुढचं ठरतं, हे हॅरी फर्ग्युसन शंभर वर्षांपूर्वी सांगत होता. त्याचा ट्रॅक्टर आता म्युझियममध्ये आहे. त्याची टॉप लिंक मात्र आज सकाळीही कुठल्यातरी वावरात पिन मारून जोडली गेली असेल.